गॅलरीतली रुई

मित्रांनो, मी रुई. आम्हाला कोणी मुद्दाम लावत नाही. रुळांच्या कडेला, पडक्या भिंतीच्या फटीत, खाडीकाठच्या राडारोड्यात आम्ही आपसूक उगवतो आणि एक दिवस आपसूकच वाळून जातो. पण मला एका बाईने मुद्दाम लावले होते. तिने माती चाळून घेतली, हात राखून पाणी घातले, एका लहान मुलीला शेजारी बसवले आणि मला वाढवले. ही हकिकत माझी आहे, पण माझ्यापेक्षा त्या मुलीचीच जास्त आहे.

आज मी सुरतेत, बमरोलीच्या एका सोसायटीमागे, भिंतीला टेकून उभी आहे. माझ्या पानांवर लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यांतून उडालेल्या धाग्यांची लव बसलेली असते. जाणारा-येणारा माझ्याकडे बघत नाही, आणि त्याचे मला काही वाटत नाही. पूर्वी मात्र मी याच सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावरच्या एका गॅलरीत राहत होते. तिथे माझ्याकडे बघणारी माणसे होती.

माझी आई खाडीच्या काठच्या एका मोकळ्या प्लॉटवर होती. चारी बाजूंनी कारखाने आणि दिवसरात्र खटखट. एरवी तिला कोणी विचारत नसे. आमच्या अंगात पांढरा चीक असतो. तो डोळ्यांत गेला तर वाईट, म्हणून गुरेसुद्धा सहसा तोंड लावत नाहीत. पण शनिवार उजाडला की खानदेशातून आलेली बायामाणसे तिला शोधत येत आणि मारुतीच्या माळेसाठी पाने तोडून नेत. त्यांतच वर्षा होती.

वर्षा लग्न होऊन बमरोलीला नुकतीच आली होती. तिचा नवरा योगेंद्र लूमवर कामाला होता. मितभाषी माणूस, कोणी दोन शब्द जास्त बोलले तरी खाली मान घालणारा. त्याची पहिली बायको तापाने वारली होती. मागे एक मुलगी होती, हेतल. तिच्या आजीने, योगेंद्रच्या आई सुभद्राबाईंनी, तिला सांभाळले होते. हेतलला मम्मी म्हणजे भिंतीवरचा हार घातलेला फोटो माहीत होता. आता घरात दुसरी बाई आली, तिला काय म्हणायचे ते हेतलला ठरवता येईना. म्हणून ती काहीच म्हणत नसे. पाणी हवे असले तरी पेला पुढे करी आणि उभी राही. वर्षाने कधी जबरदस्ती केली नाही. तीही मुकाट्याने पेला भरून देई.

एका शनिवारी वर्षा तिला बरोबर घेऊन पानांसाठी आली. प्लॉटवर माणसे फीत धरून जमीन मोजत होती. कोपऱ्याकोपऱ्यात खुंट्या ठोकलेल्या होत्या. इथे नवीन शेड येणार, आठवडाभरात सगळे साफ होईल, असे त्यांनी सांगितले. वर्षा माझ्या आईजवळ बराच वेळ उभी राहिली. त्या दिवसांत आईच्या अंगावर बोंडे धरली होती. त्यांतले एक वाळून उकलले होते आणि आत आम्ही सगळ्या बिया रेशमी कापसाला बिलगून बसलो होतो. वाऱ्याची झुळूक आली तशा काही बहिणी उडाल्या. तुम्ही मुले ज्यांना म्हातारी म्हणता ना, त्याच त्या. हेतल त्यांच्यामागे धावली. एक धरली, एक सुटली, आणि ती हसली. वर्षाने तिला हसताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

उरलेली बोंडे वर्षाने पदरात बांधली. त्यांतल्याच एका बोंडात मी होते.

घरी आल्यावर सुभद्राबाईंनी पदरातली गाठ पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"रुई घरमा लावतस का कोनी? तिना चीक पोरना डोयामा गया म्हणजे?"

"घरमा नही, आत्याबाई, गॅलरीमा," वर्षा म्हणाली. "तठे आते शेड येवाव शे. मंग शनवारले पानं कथाइन आणसूत?"

मारुतीचे नाव निघताच सुभद्राबाई नरमल्या. त्यांनी एवढेच बजावले की पोरीने चिकाला हात लावायचा नाही. समोरच्या प्रमिलाबाई हसल्या. त्या म्हणाल्या की एवढीच हौस असेल तर नर्सरीतून हळदीकुंकवाचे रोप आण, लाल-पिवळी फुले येतात, गॅलरी शोभून दिसते. वर्षा म्हणाली की ते बाहेरच्या मुलखातून आलेले, आणि हे आपल्या मातीतले. आपल्याच मातीतल्याला आपण जागा दिली नाही तर त्याने जायचे कुठे?

मित्रांनो, आम्हाला वाढवणे वाटते तितके सोपे नाही. उकिरड्यावर आम्ही फोफावतो, पण लाड केले तर मरतो. पहिल्या खेपेला वर्षाने आम्हाला काळ्या मातीत पेरले आणि हेतलने येता-जाता पाणी घातले. माझ्या कितीतरी बहिणी कुजून गेल्या. दुसऱ्या खेपेला वर्षाने बांधकामावरची वाळू मागून आणली, ती मातीत अर्धी अर्धी मिसळली, तेलाच्या रिकाम्या डब्याला खालून भोके पाडली. मग बियांचा कापूस अलगद काढून त्यांना नुसते मातीवर ठेवले आणि वरून चिमूटभर वाळू भुरभुरली. हेतलला तिने सांगितले की मातीला बोट लावायचे, बोट कोरडे आले तरच पाणी द्यायचे. ती पोर रोज शाळेतून आली की दप्तर न काढता आधी बोट लावायची.

एका सकाळी मी माती बाजूला सारून वर आले. हेतलने मला पाहिले आणि ती आत पळाली. कोणाला हाक मारायची ते तिला ठाऊक नव्हते, म्हणून तिने वर्षाचा पदर धरून तिला ओढत बाहेर आणले. दोघी उकिडव्या बसून माझ्या दोन पानांकडे बघत राहिल्या. त्या डब्यातून पुढे मी एकटीच तगले.

योगेंद्रने डबा तारेने कठड्याला बांधून दिला. वरून पडायला नको म्हणून, एवढेच तो बोलला. मी वाढले. माझी पाने जाड झाली, त्यांवर पांढरट साय आली. शनिवारी हेतल त्यांतली मोजकीच खुडायला सांगायची. झाडाला दुखते, असे तिचे म्हणणे. वर्षा देठाशी कापड धरून पान खुडे आणि चीक थांबेपर्यंत कापड दाबून ठेवी.

दुसऱ्या वर्षी केशरी पंखांचे, काळ्या कडांचे एक फुलपाखरू गॅलरीत आले. ते माझ्या पानांखाली एकेक अंडे चिकटवून गेले. त्यातून पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या अळ्या निघाल्या आणि त्यांनी मला कुरतडायला सुरुवात केली. सुभद्राबाईंनी झाडू उचलला. तेव्हा वर्षाने त्यांना समजावले की या अळ्यांना दुसरे काही चालत नाही. रुई आणि रुईच्या गोतातली झाडे, एवढेच त्यांचे अन्न. आपण तिला लावले म्हणूनच त्या आल्या. मित्रांनो, खरे सांगते, पाने कुरतडली गेली त्याचे मला दुःख झाले नाही. मी कोणाच्या तरी उपयोगी पडत होते. हेतल भिंगाने बघावे तशी डोळे बारीक करून अळ्यांकडे बघत बसे आणि त्यांना नावे देई. त्या दिवसांत ती वर्षाशी बोलू लागली होती. पण ते बोलणे सगळे अळ्यांचेच असे. हाक अजूनही मारत नव्हती.

मग तो प्रसंग घडला. वर्षा खाली नळावर गेली होती. एक अळी कठड्यावर भरकटली होती, तिला द्यायला म्हणून हेतलने माझे एक पान मोडले. चीक तिच्या बोटांना लागला. तेच बोट तिने डोळ्याला लावले. लगेच काही झाले नाही, पण थोड्या वेळाने तिला त्या डोळ्याने धुरकट दिसायला लागले आणि ती रडू लागली. वर्षा धावत वर आली. तिने पोरीला मोरीत बसवून डोळा धू धू धुतला आणि तशीच कडेवर घेऊन ती दवाखान्यात पळाली. डॉक्टरांनी थेंब दिले, पट्टी बांधली. डोळा वाचेल असे सांगितले. दोघी परत आल्या तेव्हा सुभद्राबाई दारातच उभ्या होत्या.

त्यांच्या तोंडून त्या दिवशी नको ते शब्द गेले. सावत्र ती सावत्रच, स्वतःच्या पोटची असती तर असले विष घरात आणले असते का, असे त्या म्हणाल्या. वर्षाने पोरीला कडेवरून खाली ठेवले. सुभद्राबाई तरातरा गॅलरीत आल्या आणि माझ्या डब्याची तार सोडवू लागल्या. तेव्हा हेतल एका डोळ्यावर पट्टी, अशी मध्ये येऊन उभी राहिली.

"मीच तोडं पान, आजी. मायना काय दोष?"

सुभद्राबाईंचा हात तारेवरच थांबला. वर्षाने पदर तोंडाला लावला आणि ती आत निघून गेली. ती रडली हे मला गॅलरीतून ऐकू आले. हेतलला मात्र आपण काही विशेष बोललो असे वाटलेच नाही. फोटोतली ती मम्मी आणि ही माय, असे तिच्या मनात केव्हाच ठरून गेले असावे.

डोळा हळूहळू निवळला. मी गॅलरीतच राहिले. त्यानंतरचा काळ माझ्या आयुष्यातला चांगला काळ. मला जांभळट फुले आली. वर्षाने माझ्या फांद्यांपासून रोपे करायला घेतली. पेन्सिलीएवढी जाड काडी कापायची, चीक वाहून थांबला की कापलेल्या तोंडाला राख लावायची, एक दिवस सावलीत सुकू द्यायची आणि मग दुधाच्या रिकाम्या पिशवीत वाळू-माती भरून खोचायची. राख लावायचे काम हेतलचे. जगलेली रोपे मायलेकी सोसायटीत वाटत फिरायच्या. काहींनी घेतली, काहींनी घरात रुई नको म्हणून दार लावून घेतले. प्रमिलाबाईंनी हसत हसत एक घेतले आणि विसरून गेल्या. मारुतीच्या देवळामागे मात्र एक चांगले लागले. वर्षाला कोणी नको म्हटले की हेतलला राग यायचा. वर्षा तिला सांगायची की घ्यायचे की नाही ते त्यांच्यावर, आपण विचारत राहायचे.

एका पावसाळ्यात वर्षाला कावीळ झाली. आधी तिने अंगावर काढली. डोळे पिवळे दिसू लागले तेव्हा गावाकडून झाडपाल्याचे औषध आणले, मग डॉक्टर, मग मोठा दवाखाना. जाताना ती जिना उतरण्याआधी गॅलरीत आली होती. हेतलला तिने सांगितले की पाऊस आहे, पाणी घालू नकोस. माझ्याविषयी ती बोलली ते तेवढेच शेवटचे.

ती परत आली तेव्हा तिला चौघांनी आणले होते. खाली खूप माणसे जमली. मला वरून फक्त छत्र्या दिसत होत्या. हेतल गॅलरीत माझ्याशेजारी बसून होती. तिला कोणीतरी आत नेले, ती पुन्हा येऊन बसली. ती रडत नव्हती. माझ्या मातीत बोट घालून तशीच बसली होती.

त्यानंतर घर गप्प झाले. योगेंद्र पाळी संपवून येई आणि पाठ फिरवून बसे. गॅलरीत तो पाऊल टाकत नसे. सुभद्राबाई दोघांचे जेवण ताटात वाढून ठेवत. माझी पाने पिवळी पडून गळत, ती कोणी उचलत नसे. हेतल मात्र शाळेच्या बाटलीतले उरलेले पाणी मला घाली. अळ्या आल्या की त्यांना पूर्वीसारखी नावे देत नसे, फक्त पाहून जाई.

वर्ष उलटले आणि सुभद्राबाईंचे भाऊ भटूमामा स्थळ घेऊन आले. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. म्हातारी किती दिवस पुरणार, पोरगी मोठी होतेय, घरात बाई नको का? मुलगी नंदुरबारकडची होती, नाव अर्चना. तिचेही आधीचे लग्न मोडलेले होते. दोन्हीकडून जमण्यासारखे होते, पण अर्चनाची आई घाबरली होती. ज्याच्या दोन बायका गेल्या त्याला तिसरी म्हणून आपली मुलगी कशी द्यायची? भटूमामांनी जाणत्यांना विचारले आणि जुनी रीत शोधून काढली. तिसरे लग्न आधी रुईशी लावायचे. मग जो काही दोष असेल तो रुईवर जातो. रुईला तोडून टाकायची, म्हणजे तिसरी मेली असे धरायचे, आणि खरी नवरी येते ती चौथी होऊन, निर्धोक.

मी गॅलरीत उभी राहून हे सगळे ऐकत होते.

आता बमरोलीत रुई कुठे शोधायची? खाडीकाठी शेड उभ्या राहिल्या होत्या. देवळामागची रुई देवाची, तिला हात लावायला कोणी धजेना. तेव्हा भटूमामांची नजर माझ्याकडे गेली. घरातच तर आहे, ते म्हणाले. सुभद्राबाई चुळबुळल्या. वर्षाने लावलेली ती, असे त्या हलकेच म्हणाल्याही.

"झाडले काय समजस, बहीण?" भटूमामा म्हणाले.

योगेंद्रला विचारले. तो कितीतरी वेळ काही बोलला नाही, आणि तो बोलला नाही म्हणजे हो, असे सगळ्यांनी धरले.

त्या सकाळी हेतलला प्रमिलाबाईंच्या घरी पाठवले होते. गॅलरी सारवल्यासारखी पुसून घेतली. मला हळद लावली, कुंकू लावले, खोडाभोवती हिरवा खण गुंडाळला. योगेंद्र नवी टोपी घालून पाटावर बसला. गुरुजींनी मंत्र म्हटले. मग योगेंद्रने काळ्या मण्यांची पोत हातात घेतली आणि माझ्या बुंध्याला, अगदी मातीलगत, बांधली. त्याच्या बोटांना गाठ जमेना. मित्रांनो, जिने मला बोटाएवढी होते तेव्हापासून वाढवले, तिच्याच नवऱ्याची मी त्या दिवशी बायको झाले, आणि झाले ती मरण्यासाठी.

अक्षता पडल्या त्याच वेळी हेतल दारात येऊन उभी राहिली. मंत्र ऐकून ती प्रमिलाबाईंचा हात सोडवून आली होती. तिने माझा खण पाहिला, पोत पाहिली, आणि भटूमामांच्या हातातला कोयता पाहिला. जवळच्या चलथाणला ऊसतोडीला आलेल्या एका नातेवाइकाकडून तो मागून आणलेला होता. तिला सगळे एकदम समजले.

"पप्पा, हाई झाड मायनं शे," ती म्हणाली.

योगेंद्रने मान वर केली नाही. "तू घरमा जाय, बेटा," एवढेच तो म्हणाला.

ती गेली नाही. पण तिने आरडाओरडाही केला नाही. तिथेच उभी राहून तिने बघितले. भटूमामांनी एका घावात मला पोतीच्या वरून तोडले. माझा चीक पुसलेल्या फरशीवर सांडला. सुभद्राबाईंनी पोरीच्या पायाला लागू नये म्हणून त्यावर घाईघाईने राख टाकली. फांद्या जिन्याखाली नेऊन टाकल्या. डबा खालून गंजला होता, तो उपटताना फुटला. मातीच्या गोळ्यासकट माझा बुडखा मागच्या भिंतीपलीकडे भिरकावला आणि डबा भंगारवाल्याच्या पोत्यात गेला.

दुपारी हेतल एकटीच जिन्याखाली गेली. उन्हात पडून कोमेजलेल्या फांद्यांतून तिने धड दिसतील त्या काड्या निवडल्या. राख लावली, सुकवल्या, दुधाच्या पिशव्यांत खोचल्या. सगळे मायने शिकवले होते तसेच. पण तोपर्यंत उशीर झाला होता. काड्या बुडापासून काळ्या पडत गेल्या. काही दिवसांनी त्या पिशव्या वरून खाली, माझ्याच शेजारी येऊन पडल्या. कोणी टाकल्या ते मला कळले नाही. त्याच सुमारास शिरपूरहून हेतलची आजी, फोटोतल्या मम्मीची आई, तिला न्यायला आली. घरात लग्न आहे, पोरीला इथे नको, तिकडच्या शाळेत घालू, असे ठरले. पोरीनेही नको म्हटले नाही. भिंतीपलीकडून मी रिक्षाचा आवाज ऐकला.

अर्चना लग्न होऊन आली. तिच्याविषयी वाईट बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नाही. ती धास्तावलेली होती. रात्रपाळीहून नवऱ्याला यायला जरा उशीर झाला की खिडकीशी येऊन उभी राही. आपण मरू की काय, ही भीती तिच्या आईने तिच्या मनात घालून ठेवली होती आणि रुईने ती काढली नव्हती.

इकडे मी मेले नव्हते. आमची मुळे चिवट असतात. भिरकावलेला गोळा भिंतीच्या बुडाशी पडला होता. पहिल्या पावसात त्याने माती धरली आणि बुडख्याच्या कडेने दोन कोंब निघाले. ते वाढले तसा बुडखा जाड झाला आणि ती पोत माझ्यात रुतू लागली. आधी नुसती काचत होती, मग साल कापायला लागली.

वाळत घातलेला एक टॉवेल वाऱ्याने उडून भिंतीपलीकडे पडला म्हणून अर्चना एकदा मागे आली. वाकली आणि तिला माझ्या बुंध्याला काळे मणी दिसले. तिचा हात नकळत स्वतःच्या गळ्याकडे गेला. ती वर गेली ती सुभद्राबाईंना घेऊनच खाली आली आणि हे काय आहे, असे तिने विचारले. सुभद्राबाईंनी सांगून टाकले. वर्षाने मला कसे लावले तेही सांगितले आणि पोर दारात कशी उभी होती तेही.

अर्चनाने वाकून त्या रुतलेल्या मण्यांवरून बोट फिरवले.

"मला वाचवायला हिला तोडलं," ती म्हणाली. "मला एकदा विचारायचं तरी होतं."

तिने घरातून कात्री आणली आणि सालीला धक्का न लावता मणी न् मणी मोकळा केला. रुतलेल्या जागी राख लावली. त्या दिवसापासून ती अधूनमधून मला बघायला येते. हेतलला तिने शिरपूरला फोन करून सांगितले की तुझ्या मायचे झाड फुटले आहे, दिवाळीला ये आणि बघ. पलीकडून हेतलने फोन आजीकडे दिला.

दिवाळीत हेतल आली. उंच झाली होती, केस कापले होते. अर्चनाने तिला मागे आणले. योगेंद्र आला, सुभद्राबाई भिंतीला धरत धरत आल्या. इतके महिने मी याच क्षणाची वाट पाहत होते. हेतल माझ्यासमोर उभी राहिली. माझी पाने तिने पाहिली. पण तिची रुई डब्यात असायची, कठड्याला तारेने बांधलेली, एका खोडाची. मी भिंतीच्या राडारोड्यात दोन कोंबांनी वाढलेली होते. ज्या पोतीवरून ती मला ओळखू शकली असती, ती माझ्या भल्यासाठीच अर्चनाने काढून टाकली होती.

"ही दुसरी आहे," हेतल म्हणाली.

"तीच आहे ग," अर्चना म्हणाली.

"तुम्ही होत्या का तेव्हा?"

अर्चनाने योगेंद्रकडे पाहिले. मग योगेंद्र पुढे आला. तीच आहे बेटा, असे त्याने सांगितले. सुभद्राबाईंनीही तेच सांगितले. हेतलने दोघांकडे आळीपाळीने पाहिले. ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरे झाले असते.

"तुम्ही तर तोडली ना तिला," ती म्हणाली आणि वर निघून गेली. भाऊबीज झाल्यावर ती शिरपूरला परत गेली. त्यानंतर ती सोसायटीमागे, माझ्याकडे, कधी आली नाही.

मित्रांनो, मी तीच आहे. पण झाडाला तोंड नसते. मी तुम्हाला हे सगळे सांगते आहे, तेवढे तिला सांगू शकले असते तर मला दुसरे काही नको होते. योगेंद्र आता कधीकधी सुट्टीच्या दिवशी माझ्याजवळ येऊन उभा राहतो. तो खरे तेच सांगत होता, पण त्याच्या खऱ्यावर विश्वास ठेवायला त्याच्या मुलीजवळ काही उरले नव्हते.

तेव्हा मित्रांनो, माझे एवढे ऐका. घरात रुई लावा. मातीत वाळू घाला, पाणी बेताने द्या आणि चिकाच्या हाताने डोळे चोळू नका. अळ्या आल्या तर येऊ द्या. पण झाड असो की माणूस, आपल्या नशिबाचे खापर त्याच्यावर फोडू नका, तो बोलत नाही म्हणून तर मुळीच नाही. तोडलेले पुन्हा फुटते, ते आमच्या मुळांत असते. पण ज्याच्या डोळ्यांदेखत तोडले, त्याच्यासाठी ते पुन्हा तेच होत नाही.